आवाज असलेली गाडी

गाडी चालवायला मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले, आणि शिकले ती विजेच्या गाडीवर. क्लच कधी दाबायचा, गिअर अडकतो म्हणजे काय होतं, हे मला आजही ठाऊक नाही. बटण दाबायचं, पाय हळूच टेकवायचा, की गाडी कुणाला न सांगता निघते, एवढीच माझी समजूत.

ती गाडी माझ्या नवऱ्यानं घेतली होती. एकतीस वर्षं आखातात गॅसच्या कारखान्यात काढून ते कायमचे पनवेलला परत आले, त्याच वर्षी मीही शाळेतून निवृत्त झाले. मी मराठी शिकवायची. घरात आम्ही आमची कोकणी मुसलमानांची बोली बोलतो. इथं लिहिताना मात्र ती सवयीनं शाळेच्या मराठीत उतरते आहे. त्यांना वर्षाला दोन महिने रजा, त्या हिशेबानं आमच्या संसारातले एकत्र दिवस मोजले तर पाच-सहा वर्षांच्या वर जाणार नाहीत. मुलगी झाली, वाढली, लग्न होऊन नाशिकला गेली, आणि त्यानंतर मोहल्ल्यातल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या घरात मी एकटीच राहत होते.

तिकडचे लोक परत गेल्यावर काय काय खायचं याच्या याद्या करतात म्हणे. माझ्या नवऱ्याच्या यादीत एकच गोष्ट होती. फोनवर ते नेहमी म्हणायचे, इथं चोवीस तास मशीन चालू, मला घरी येऊन नुसतं शांत पडून राहायचंय. म्हणून गाडी घ्यायची ठरली तेव्हा दुकानातल्या मुलीनं "हिला आवाजच नाही सर," एवढं म्हटलं आणि यांनी बाकी काही विचारलं नाही. शिवाय गिअर नसल्यामुळे मलाही शिकता येईल, असं त्यांच्या मनात होतं. ते त्यांनी मला बऱ्याच नंतर सांगितलं.

शिकवलंही त्यांनीच. नवीन पनवेलच्या पलीकडे, जिथं प्लॉट पाडलेत पण इमारती उभ्या नाहीत, तिथल्या रुंद मोकळ्या रस्त्यांवर आम्ही रोज संध्याकाळी जायचो. ते शेजारी बसायचे, एक हात डॅशबोर्डवर उताणा ठेवून. कधी ओरडले नाहीत. मी ब्रेक उशिरा दाबला तर तो हात फक्त थोडा वर उचलला जायचा. चार महिन्यांनी मी एकटीनं बाजारातून गाडी काढून घरी आणली आणि खाली उभी करून दहा मिनिटं आतच बसून राहिले. उतरावंसंच वाटेना.

मग मला पहाटेची सवय लागली. फज्रची नमाज झाली की चहा न घेताच मी खाली उतरायची, चार्जिंगची वायर काढून गुंडाळून ठेवायची आणि गोवा हायवेनं कर्नाळ्यापर्यंत जायची. फार लांब नाही. पण त्या वेळी, ट्रकांची गर्दी सुरू व्हायच्या आधी, ती गाडी गाडी राहायची नाही. काचा खाली केल्या की दोन्ही बाजूंची झाडं आत यायची. ओल्या पानांचा वास, कुठंतरी कोंबडा, मग अभयारण्याच्या बाजूनं एकदम पाखरांचा कलकलाट. मला लहानपणी खाडी ओलांडताना होडीत बसल्यावर वाटायचं तसं वाटायचं: आपण काही करत नाही, पाणीच नेतंय. कितीतरी वेळा मी काय विचार करत होते हे परत आल्यावर आठवायचं नाही. रस्ता आठवायचा नाही. फक्त धुकं आठवायचं आणि त्यात हळूहळू वर येणारा कर्नाळ्याचा सुळका.

एकदा वळणावर टेम्पोची वाट बघत मासळीवाल्या उभ्या होत्या. त्यांना माझी चाहूलच लागली नाही. अगदी जवळ गेल्यावर एक जण दचकून मागे सरली आणि म्हणाली, "बाय, हॉर्न तरी वाजव. आमी मरू ना अशानं." मी माफी मागितली. पुढं गेल्यावर मात्र मला हसू आलं. आयुष्यभर वर्गात आवाज चढवून बोललेली बाई आता कुणाला ऐकूसुद्धा येत नव्हती.

शांततेशी माझी ओळख जुनी. एकटी राहायला लागल्यावर पहिलं वर्षभर मी मुद्दाम रेडिओ लावून ठेवायची. मग तो लावायचं विसरायला लागले. थंडीत पंखा बंद केला की घर आणखी एक पायरी खाली उतरल्यासारखं शांत व्हायचं, आणि ते मला आवडायचं. हे सगळं मी यांच्यासाठी राखून ठेवलंय, असंही कधी कधी वाटायचं. ते येतील आणि आम्ही दोघं या शांततेत बसू.

ते आले, आणि पंखा पाचवर गेला. डिसेंबरातसुद्धा. मी अंगावर दोन चादरी घेऊन झोपायची. सकाळी पेपर वाचतानाही टीव्ही चालू, बघायचा नाही पण चालू. दुपारी इमारतीचा पंप सुरू झाला की ते खाली जाऊन पंपाच्या खोलीबाहेर कट्ट्यावर बसायचे. मला वाटलं, इमारतीतल्या लोकांशी गप्पा मारायला जातात. गाडीत तर त्यांचं चित्तच थाऱ्यावर नसायचं. रेडिओ लाव, बंद कर, काच खाली, काच वर. तळोज्यावरून जाताना कारखान्यांचा तो उग्र वास यायचा. मी काच वर करायला सांगितली तर म्हणायचे, राहू दे.

मग त्यांनी उलव्याला जायला सुरुवात केली. बस पकडून एकटेच जायचे. तिकडे विमानतळाच्या बाजूला इमारती उठतायत, फ्लॅट बघून येतो म्हणायचे. आपल्याला काय करायचाय फ्लॅट, असं मी विचारलं नाही. एके दिवशी पायाला मुका मार लागला म्हणून त्यांनी फोन केला, आणि मी त्यांना आणायला गेले. सांगितलेल्या ठिकाणी पोहोचले तर ते सिमेंटच्या मोठ्या पाइपांच्या ढिगावर बसले होते. समोर जमिनीत खांब ठोकणारं यंत्र चालू होतं. त्याचा प्रत्येक ठोका गाडीच्या काचांतून माझ्या दातांपर्यंत येत होता. आणि हे मात्र डोळे मिटून, मान जराशी कलती करून, कव्वाली ऐकावी तसे बसले होते.

मी लगेच हाक मारली नाही. गाडीत बसूनच बघत राहिले. माझ्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं. मला वाटलं, यांना तिकडची आठवण येते. एकतीस वर्षं मी इथं वाट बघितली आणि यांचा जीव तिकडेच राहिलाय. परत येताना मी एक शब्द बोलले नाही. तेही बोलले नाहीत. आम्हाला एकमेकांना काही विचारायची सवयच नव्हती. फोनवर एवढी वर्षं गेली. फोनवर माणूस खुशाली सांगतो, पैसे पोचले का विचारतो आणि ठेवतो. चेहरा बघून प्रश्न विचारायचा असतो, हे आम्ही शिकायचंच राहिलं होतं.

असं करत ते परत आल्याला तीन वर्षं होत आली. मे महिन्यात भावाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं म्हणून आम्ही श्रीवर्धनकडे, माझ्या माहेरी गेलो. येताना माणगावच्या अलीकडे एका हॉटेलात थांबायचं ठरलेलं असायचं, कारण त्याच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये चार्जर होता. गाडी लावून, जेवून, तासाभरानं निघायचं. त्या दिवशी आम्ही पोहोचलो आणि दहा मिनिटांत लाईट गेली. हॉटेल चालवणारी बाई माझ्याच वयाची होती, नऊवारीतली, कपाळावरचा घाम पदरानं पुसत बाहेर आली. म्हणाली, फिडरवर काम काढलंय, दोन तास तरी येत नाही. जनरेटर होता, पण तो स्वयंपाकघरातल्या फ्रिजपुरता आणि पंख्यांपुरता. गाडीचा भार त्याला झेपायचा नाही.

दुसरा इलाज नव्हता. मी खुर्ची उचलून मागच्या फणसाखाली नेली. ऊन असं होतं की हायवेवरच्या गाड्या पाण्यातून चालल्यासारख्या दिसत होत्या. मग त्या बाईच्या माणसानं जनरेटर सुरू केला. जुना, डिझेलचा. आधी तो खोकला, काळा धूर सोडला आणि मग एका लयीत धडधडायला लागला. इतका वेळ अंगणात येरझाऱ्या घालणारे माझे पती थांबले. त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि मी हातानं नको नको करत असताना ती थेट जनरेटरच्या भिंतीला नेऊन टेकवली. बसले. मी एकदा हायवेकडे बघून पुन्हा तिकडे बघितलं तर ते झोपलेले.

अशी झोप मी त्यांची पाहिलीच नव्हती. घरी ते तुकड्या-तुकड्यांनी झोपायचे, सारखी कूस बदलायचे. इथं मान मागे भिंतीला टेकली होती, तोंड जरा उघडं, आणि दोन्ही हात मांड्यांवर उताणे, बोटं सैल. लहान मुलांचे हात झोपेत असे होतात. फणसाची सावली हळूहळू सरकत माझ्या पायांवरून गेली. कुणीतरी मला पाणी आणून दिलं. धडधड, धडधड. मलाही गुंगी येत होती, पण मी डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडेच बघत होते. लग्नानंतरच्या पहिल्या रजेतसुद्धा मी त्यांच्याकडे इतका वेळ बघितलं नसेल.

दीड-पावणेदोन तासांनी लाईट आली. चार्जरचा हिरवा दिवा लागला आणि त्या बाईचा माणूस जनरेटर बंद करायला निघाला. मी उठून आडवी गेले.

"थोडा वेळ चालू राहू दे," मी म्हटलं.

त्याला काही कळेना. त्यानं बायकोला हाक मारली. ती आली, म्हणाली, "बाई, लाईट आली. आता उगाच डिझेल जळंल."

मी म्हटलं, डिझेलचे मी देते. तिनं माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, त्या झोपलेल्या माणसाकडे. बराच वेळ बघितलं. मग नवऱ्याला म्हणाली, "ऱ्हाऊ दे चालू," आणि आत निघून गेली. निघताना तिनं डिझेलचं काही घेतलं नाही.

गाडी भरत आली तेव्हा जनरेटर बंद झाला. आवाज थांबला त्याच क्षणी हे उठून उभेच राहिले. डोळे उघडे, पण इथले नाहीत. ते झटकन डावीकडे, मग उजवीकडे बघू लागले, दरवाजा शोधल्यासारखे. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"बंद पडलं," ते म्हणाले.

"जनरेटर होता. लाईट आली म्हणून बंद केला."

ते खाली बसले. मी समोर उकिडवी बसले आणि विचारलं, काय होतंय तुम्हाला? एवढा साधा प्रश्न विचारायला तीन वर्षं लागली.

त्यांनी आधी हात झटकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या कानात शिट्टी वाजते. उजव्या. तिकडे असतानाच लागली असेल, पण मशीनच्या आवाजात कळली नाही. घरी आल्यावर कळली."

"सारखी?"

"सारखी. शांत असलं की जास्त. गाडीत सगळ्यात जास्त."

"तीन वर्षं सांगितलं नाहीत मला."

"तुला गाडी आवडली होती," ते म्हणाले.

त्यानंतर पनवेलपर्यंत मी गाडी चालवत होते आणि ते बोलत होते. कारखान्यात काँप्रेसर कधी थांबत नसे. कॅम्पमधल्या खोल्या त्याच्या अंगालाच होत्या, आणि माणसं त्या घरघरीत निवांत झोपायची. घरघर थांबली की मात्र सगळे एकदम जागे व्हायचे. आवाज थांबला म्हणजे कुठंतरी काहीतरी बिघडलं, आता बूट चढवायचे आणि मोकळ्या जागेकडे पळायचं. तसं दोनदा झालं. एकदा नुसतंच झालं, एकदा एक माणूस गेला. त्यामुळे शांतता हवी असं ते एकतीस वर्षं म्हणत राहिले खरे, पण अंगाला तिची सवय राहिली नव्हती. ही गाडी बटण दाबताच नुसती हलायला लागते, तेव्हा त्यांच्या छातीत दर वेळी काहीतरी खाली पडतं, असं त्यांनी सांगितलं. आणि वर ती शिट्टी.

मी आधी उलव्याबद्दल काय समजून बसले होते, ते त्यांना सांगितलं नाही. लाज वाटली.

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छोट्या बंद खोलीत बसवून तपासणी केली आणि सांगितलं की कानाची नस दुखावली आहे, हे पूर्ण जाणार नाही. आसपास बारीक आवाज राहू द्या, म्हणजे लक्ष तिकडे जाणार नाही. याला मराठीत कर्णनाद म्हणतात. इतकी वर्षं भाषा शिकवून हा शब्द मला माहीत नव्हता. किती सुंदर शब्द, आणि कशासाठी. डॉक्टरांनी मोबाइलवर ऐकायचे आवाज दिले: पाऊस, धबधबा, समुद्र. यांनी दोन दिवस तो पाऊस ऐकला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, हा पाऊस खोटा आहे, याला वारा लागत नाही.

गाडी बदलायचं नाव मात्र ते काढू देईनात. म्हणाले, गाडी तुझी, तू फिर. मी बसनं येईन. आणि खरंच काही महिने मी एकटीच फिरले. पण पहाटेच्या कर्नाळ्यात आता पूर्वीसारखं होईना. पाखरं होती, धुकं होतं, तीच गाडी होती. काचा खाली करून मी हळू जात राहायची आणि नकळत कान देऊन बसायची. त्या सगळ्या शांततेच्या तळाशी बारीक शिट्टी वाजत असेल तर ती कशी असेल, रातकिड्यासारखी, की कुकरची वाफ निसटते तशी? मी ती ऐकायचा प्रयत्न करायची. एकदा तर ऐकू आल्यासारखं वाटलं, आणि मी गाडी बाजूला घेऊन थांबले. रानातला कुठला तरी किडा होता.

घरचा चार्जर तपासायला जो इलेक्ट्रिशियन येतो त्यानं पहिल्यांदा ते नाव काढलं. प्लग-इन हायब्रिड. घरी वायर लावून चार्ज करायची, चाळीसेक किलोमीटर विजेवर चालते, त्यापुढं पेट्रोलचं इंजिन आहेच. बटण दाबलं तर नुसत्या विजेवर, दुसरं दाबलं तर इंजिन चालूच. "दोन्ही डगरींवर हात ठेवणारी गाडी आहे, टीचर," तो हसत म्हणाला. त्याच्या बोलण्यात थोडी तुच्छता होती, पण मी मात्र हातातलं काम टाकून ऐकत राहिले. आमचं घरच तसं होतं. एकाला आवाज हवा, एकाला नको.

अशा गाड्या आपल्याकडे फार नाहीत आणि नव्या घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. वापरलेली शोधायला लागलो. पहिली वाशीला बघितली. चकचकीत, परदेशी. मालकानं इंजिन सुरू केलं, आणि ते सुरू झाल्याचं त्यालाच सांगावं लागलं. माझ्या नवऱ्यानं वाकून बॉनेटला डावा कान लावला. बराच वेळ तसेच राहिले. मालकाला वाटलं, हे कुणीतरी मोठे जाणकार आहेत. तो घाबरून सगळी कागदपत्रं काढायला लागला. हे उठले, मान हलवली आणि म्हणाले, फारच छान गाडी आहे. आम्ही निघून आलो.

दुसरी खारघरला, एका निवृत्त गृहस्थांची. त्यांनी दारातच हात जोडले आणि प्रामाणिकपणे सांगून टाकलं की गाडी तशी चांगली आहे पण इंजिनाचा जरा आवाज येतो, विशेषतः चढावर. गॅरेजवाले म्हणतात दोष काही नाही, जातच तशी आहे. त्यासाठी किंमत कमी करायलाही ते तयार होते. आम्ही खारघरच्या टेकडीच्या रस्त्यानं एक चक्कर मारली. चढ लागला तसं पुढं कुठंतरी ते इंजिन जागं झालं आणि घुमायला लागलं. माझ्या पायाखाली थरथर आली. मला ती अजिबात आवडली नाही. मी शेजारी बघितलं. यांनी डॅशबोर्डवर तळहात पालथा टेकवला होता आणि ते समोर बघत होते. हसत नव्हते, काही नाही. फक्त त्यांचे खांदे खाली आले होते. ते इतके दिवस वर होते, हे मला तेव्हा कळलं.

लोकांनी विचारलंच. मुलगी फोनवर म्हणाली, अम्मी, सगळे पेट्रोलवरून विजेवर जातायत आणि तुम्ही उलटे चाललात? मी म्हटलं, लांबच्या प्रवासाला बरी पडते. तिला खरं कारण मी पुढं सांगितलं, शेजाऱ्यांना अजून नाही. पण तिचं म्हणणं मला लागलं. पर्यावरणाचे धडे मी किती वर्षं मुलांना शिकवले. तळोज्याच्या बाजूनं येणाऱ्या मुलांचे खोकले वर्गात ऐकलेत. आता आपणही थोडा धूर सोडणार, ही बोच गेलेली नाही, आणि जावी असंही मला वाटत नाही.

जुनी गाडी कामोठ्याच्या एका नर्सनं घेतली. ती न्यायला आली त्या सकाळी मी वायर पुसून, गोल गुंडाळून दिली, कुठल्या दाराची काच अडकते ते दाखवलं. ती बसली, बटण दाबलं आणि गल्लीतून निघाली. कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली तरी मी उभीच. गाडी दिसेनाशी झाल्यावर थोडा वेळ आवाज येत राहतो, मग तोही जातो, तशी मी वाट बघत होते बहुतेक. पण त्या गाडीला मागे ठेवायला काही नव्हतंच. ती गेली ती गेलीच. अजूनही कधी कधी झोपेत मी ती चालवत असते, खाडीच्या पाण्यावरून, काचा खाली करून.

पेट्रोल पंपावर पहिल्यांदा गेले तेव्हा टाकीचं झाकण कुठल्या बाजूला हेच मला माहीत नव्हतं. पंपावरच्या माणसानं गाडीभोवती फिरून ते शोधून दिलं. साठी उलटलेली बाई पहिल्यांदा पेट्रोल भरतेय, हे त्याला खरं वाटेना.

आता आमचं असं ठरलं आहे. पहाटे गाडी माझी. विजेवर जाते, विजेवर येते, कर्नाळ्यापर्यंत पुरते. अगदी पूर्वीसारखं नाही. चुकून पाय जोरात पडला तर इंजिन आपणहून जागं होतं आणि पाखरांच्या मधेच गुरगुरतं, तेव्हा मी चिडते. हे बरोबर असले की मी दुसरं बटण दाबते. त्यांच्यासाठीही सगळं जमलंय असं नाही; शिट्टी आहेच, रात्री पंखा पाचवर आहेच. पण गाडीत ते झोपतात. वडखळ येईपर्यंत मान कलते. आणि झोपत नाहीत तेव्हा बोलतात, जे मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोलतात, पुढं बघत, जणू मी नाही तर कारखान्यातला कुणी सोबती शेजारी आहे. तिथल्या भाताची चव, पहिला मुकादम, वाळूचं वादळ. मी एकतीस वर्षांचा नवरा आता ऐकते आहे, महामार्गावर, तिसाव्या-चाळिसाव्या किलोमीटरला.

परवा माहेरी जाताना त्यांनी कॅम्पच्या खोलीतल्या एका केरळी माणसाची गोष्ट सांगितली. त्यानं घरून एक कॅसेट मागवली होती. बाकीच्यांना वाटलं, गाणी असतील. लावली तर त्यात त्याच्या बायकोनं अंगणात टेप ठेवून नुसते आवाज भरले होते. विहिरीवरची बादली, कोंबड्या, कुणीतरी नारळ सोलतंय, मधेच तिनं मुलाला मारलेली हाक. तो माणूस ती कॅसेट रोज ऐकायचा आणि खोलीतले आठही जण ऐकायचे. काही दिवसांनी सगळ्यांना त्या कोंबड्या ओळखीच्या झाल्या होत्या.

मग ते म्हणाले, "मला तुझ्याकडून तशी मागवायची होती. सांगायचं राहिलं."

मी म्हटलं, "त्यात काय भरलं असतं मी? आपल्या घरात आवाजच नव्हता. एकटी तर होते."

"तेच भरून पाठवायचं होतंस," ते म्हणाले.

पुढं एक पेंढा भरलेला ट्रॅक्टर अगदी सावकाश चालला होता आणि त्याला ओलांडायला जागा मिळत नव्हती. मी त्याच्या मागे मागे जात राहिले. पेंढ्याच्या काड्या वाऱ्यानं मागे उडत होत्या. बऱ्याच वेळानं रस्ता रुंद झाला, ट्रॅक्टरवाल्यानं हात बाहेर काढून पुढं जा म्हणून खूण केली, पण तोवर हे इंजिनाच्या त्या एका लयीत झोपले होते, म्हणून मी तशीच त्याच्या मागे राहिले.